जावयाचं ताट

"जावई आलेत, आता तरी तो बोंबल्या कोंबडा कापा," शेजारीण कुंपणावरून म्हणाली. "आळीची झोप उडवलीय मेल्यानं!"

अनसूयाबाईंचा कोंबडा मान ताणून भरदुपारीही आरवतच होता.

भांडून माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीला न्यायला जावई आला होता. "नेतो, पण हिचा चढा आवाज आमच्याकडे चालायचा नाही," त्यानं बजावलं. लेक चुलीशी खाली मान घालून भाकऱ्या थापत राहिली.

अनसूयाबाईंनी ताट वाढलं. त्यात पिठलं पाहून जावयाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोंबडा नाही कापला, मामी?"

"आवाज मोठा म्हणून या घरात कुणाची मान कापत नाहीत," त्या म्हणाल्या.

लेकीनं मान वर केली.

"जेवा, आणि एकटेच निघा!" ती म्हणाली. साऱ्या आळीला ऐकू गेलं.