गाठीतलं पाणी

काल दुपारी स्कॅन बघून मी आईला समजावलं, "कॅन्सरच्या गाठीत पेशींची इतकी दाटी असते, की पाण्याला हलताच येत नाही. केमोने पेशी मरतात तसं पाणी मोकळं फिरतं. तुझं फिरायला लागलंय!" आई निवृत्त बसकंडक्टर. "म्हणजे बस रिकामी होतेय म्हण की," ती हसली, "एवढं सांगायला एवढी पुस्तकं वाचलीस होय?" आज घरी सोडणार म्हणून तिने कंडक्टरकीची चामडी बॅग भरून उशाशी ठेवली होती. सकाळी हाक मारली, तर ओ नाही. मला वाटलं, चेष्टा करतेय. डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गाठ हरत होती हो. हृदयच बंद पडलं." मी बॅगेचा पट्टा धरला. लहानपणी पहाटे ती हीच बॅग खांद्याला लावून निघायची. मी पांघरुणातून नुसती बघायचे. "आई," मी म्हणाले, "आज नको जाऊस."