एकच काडतूस

आलोइसच्या आजोबांच्या बंदुकीची काडतुसं आता कुठेच मिळत नसत. बायको बुर्गाच ती घरी भरून द्यायची. हिमकडा कोसळून मुलगा गेल्यापासून आलोइसने बंदुकीला हात लावला नव्हता. आज अचानक म्हणाला, “शिकारीला जातो. एक काडतूस भर.” “एकच? नेहमी तीन नेतोस ना?” “एक पुरे. आणि कुत्र्याला घरीच ठेव.” कुत्र्याशिवाय शिकार? बुर्गाने ओळखलं, ही गोळी हरणासाठी नव्हती. अडवावं तर हा दुसरी वाट शोधणार. तिने बार पेटवणाऱ्या ठिणगीच्या टोपीत, ती पेटू नये म्हणून, तेल सोडलं, बंदुकीच्या दारूऐवजी सूपसाठीचा रवा भरला, वर गोळी दाबून बसवली. त्याने काडतूस कानाशी हलवून पाहिलं आणि तो निघाला. ती जपमाळ धरून उंबऱ्यावर बसली. दुपारी परतल्यावर त्याने काडतूस टेबलावर ठेवलं. “हरीण दिसलं?” त्याने मान खाली घातली. “नाही.” काडतुसाच्या टोपीवर मात्र बंदुकीचा घोडा आपटल्याचा खळगा होता.