ॲसिडची तीन मिनिटं

नर्सने बाईंचे केस प्लॅस्टिकच्या टोपीत कोंबले आणि डोळ्यांवर ओला कापूस ठेवायला ती वाकली. तेवढ्यात बाईंनी तिला ओळखलं. तोंडावर मास्क होता, पण डाव्या भुवईतली ती खोकेची खूण कशी विसरणार?

"हलू नका हं, काकू. थोडं चुरचुरेल."

आवाजही तोच. बाईंची पाचावर धारण बसली.

सात वर्षांपूर्वी मुलाने हिला घरी आणलं होतं. हुशार, बोलकी, पण दोन्ही गालांवर काळपट वांग. मुलगा आत गेल्याची संधी साधून बाईंनी तिला गोड बोलून वाटेला लावलं होतं. आता तेच वांग पत्ता शोधत बाईंच्याच गालांवर येऊन बसलं होतं. "या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला?" असं बहीण म्हणाली होती. तिचं ऐकायला हवं होतं.

गार, उग्र वासाचं काहीतरी कपाळावरून गालांवर फिरलं. मग टक् असा आवाज झाला. घड्याळ लावलं असणार.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "वांग घालवायचं हे ॲसिड फक्त तीन मिनिटं. मग नर्स ते धुऊन टाकेल. जास्त राहिलं तर कातडी जळते. आणि मधेच उठू नका, डोळ्यांत उतरेल."

बाई मनात आकडे मोजू लागल्या. साठ. गाल चुरचुरत होते. एकशे वीस. कुठेतरी काचेचं भांडं वाजलं. एकशे ऐंशी.

कुणी आलं नाही.

दोनशे. दोनशे दहा. चेहऱ्याची आग आग होतेय असं त्यांना वाटू लागलं. ही मुद्दामच थांबलीय.

"पोरी, धू गं आता!"

"थांबा, काकू. घाई नको."

"पाया पडते तुझ्या! चुकलं माझं. तुझा चेहरा रोज बघवणार नाही, असं तो कधीच म्हणाला नव्हता गं. ते माझंच सगळं. तुला ते त्याच्या नावावर सांगितलं, आणि त्याला सांगितलं की तूच नको म्हणालीस. दोन वर्षं धड जेवला नाही तो. पण माझा चेहरा जाळू नकोस!"

भांड्यांचा आवाज थांबला. पावलं जवळ आली. एका डोळ्यावरचा कापूस उचलला गेला.

नर्सने मास्क खाली ओढला होता. गालांवर वांग होतं, अजून तसंच. तिने बाईंच्या कपाळावरची टोपी जरा मागे सारली.

"या टोपीत मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं," ती म्हणाली.

तिने मास्क वर चढवला आणि कापूस पुन्हा डोळ्यावर नीट दाबून बसवला.

"आत्तापर्यंत नुसत्या स्पिरिटने चेहरा पुसला होता, काकू. ॲसिड आता लावते."