गुप्त मतदान

संविधान दिनाला आयटीआयच्या शिवणवर्गात निंबकर मॅडमनी वर्गप्रमुख निवडण्यासाठी गुप्त मतदान घेतलं. पारधी वस्तीतली रेश्मा भरघोस मतांनी निवडून आली. मॅडमना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मुली पालकांसोबत फाटकाबाहेरच थांबल्या. “पारध्याची पोर आमच्या पोरींवर हुकूम चालवणार? आधी तिला काढा!” एकीचे वडील ओरडले.

“अहो, तुमच्याच मुलींनी निवडलंय तिला.”

“कोणी दिलं मत? पुढं या!”

मॅडमनी आशेनं मुलींकडे पाहिलं. “मी नाही,” एक पुटपुटली. मग दुसरी. मग सगळ्याच.

वर्गाच्या दारातून रेश्मानं सगळं ऐकलं. “राहू द्या मॅडम, मी जाते,” म्हणत तिनं कात्री पिशवीत टाकली.

फाटकाशी मुलींनी सरकून तिला वाट दिली आणि मान खाली घालून त्या वर्गात शिरल्या.