कोरडी मोरी

लालबागच्या त्या चाळीत गंगुबाईपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. ऐकत नव्हते ते फक्त तिच्या सुनेचे हात. पिलेगाच्या साथीत मंजुळाने आपल्या थोरल्या पोराला, लवूला, शेवटची अंघोळ घातली आणि तेव्हापासून ती दिवसभर हातच धूत होती. धुऊन सालटी निघाली, तरी हात विटाळलेलेच, म्हणे. म्हणून तान्ह्या लक्ष्मीला शिवेना. पोर बोळ्याच्या दुधावर सुकत चालली होती.

वैदू झाले, भगत झाले. शेवटी एका दुपारी गंगुबाईने हंडा-तांब्या शेजारणीकडे नेऊन ठेवला आणि सुनेचे दोन्ही हात गच्च धरून बसली.

"आज मोरीत पाय टाकलंस तर माझ्याशी गाठ आसा!"

"सोडा हो, आत्याबाई. ह्या हातांनी पोरीक काय झाला तर?"

"काय्येक होवचा नाय. बस."

तेवढ्यात मोरीत तांब्याभर पाणी पडल्याचा आवाज आला.

गंगुबाईने वळून पाहिले. मोरी कोरडी ठणठणीत.

पुन्हा पाणी पडले. पुन्हा. प्रत्येक आवाजासरशी मंजुळाचे हात निवत गेले. गंगुबाईला कळेना, घाबरावे की गुण आला म्हणून हसावे.

मग मंजुळाने हात सोडवून घेतले, सरळ पोरीला उचलले आणि छातीशी धरले. किती महिन्यांनी! थोड्या वेळाने हसून तिने पोर पुढे केली.

"घेवा ना, आत्याबाई."

गंगुबाईने हात पुढे केले. तिचीच बोटे पांढरीफटक पडून सुरकुतली होती, तासन्‌तास पाण्यात बुडाल्यासारखी. तिने ती झटकन पदराआड लपवली.

"थांब गो," ती पुटपुटली, "आधी हात धुवून येतंय."