गुळाचं पारडं

सातव्या महिन्यात जन्मलेली छकुली दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा तिच्या आईच्या सासूबाईंनी नवस केला होता: वाचली तर सात वर्षांची झाली की वरकुट्याच्या देवळात गुळानं तोलीन. आज पारड्यात बसण्याआधी छकुलीनं कुणी न सांगता पैंजण काढून ठेवले.  लेक जाड होतेय या काळजीनं दर रविवारी घरच्या वजनकाट्यावर उभं करताना "पैंजण काढ, वजन वाढतं" असं आईच म्हणायची. "अजून दोन ढेपा टाका रं, खात्यापित्या घरची हाय," चुलतसासरे आबा हसले. छकुलीनं पोट आत ओढून श्वास रोखला. आई उठली आणि पदर खोचून लेकीशेजारी पारड्यात बसली. "अगं, एवढा गूळ गावात न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "इंदापूरहून मागवा, आत्या. पण आजपासून पोरीचं वजन करणं बंद." "मग रविवारी काय करायचं?" छकुलीनं विचारलं. "विहिरीत पोहायला शिकायचं. आबा शिकवतील दोघींना."