बाले म्हणजे बरं

"बाले?" तिने टाकीच्या तोंडाशी वाकून विचारलं.

"बाले," आतून उत्तर आलं.

तिने वहीत बरोबरची खूण केली आणि पुन्हा घड्याळाकडे बघत बसली. रंगाच्या कारखान्यातली ही सगळ्यात मोठी टाकी. आत परदेशातून आलेला तंत्रज्ञ जोडांना तडे गेलेत का ते तपासत होता. सगळे त्याला पाहुणा म्हणत. त्याला फक्त स्पॅनिश येत होतं आणि हिला त्यातला एकच शब्द. दर दोन मिनिटांनी तिने तो शब्द विचारायचा, उत्तर ऐकायचं, खूण करायची. स्वतः मात्र आत उतरायचं नाही, काहीही झालं तरी. या कामावर येऊन तिला आठ दिवस झाले होते, पण त्या काळ्या भोकाशी वाकताना ती अजून कड घट्ट धरून ठेवायची.

शब्द पाहुण्यानेच शिकवला होता, चहाच्या सुट्टीत, हातवारे करून. अंगठा वर केला: बाले, ठीक. कपावर तळहात ठेवला: बाले, पुरे. भुवया उंचावल्या: बाले, कळलं ना? तिच्या हातून पाना पडला तेव्हा अगदी हळू आवाजात: बाले, बाले, असू दे.

"म्हणजे आपलं 'बरं'च की," ती म्हणाली होती. "घरात दिवसभर तेच तर म्हणते मी."

पाहुण्याला ओ की ठो कळलं नव्हतं. "बाले," तो म्हणाला होता.

तिने घड्याळ पाहिलं. अजून अर्धं मिनिट बाकी होतं.

"बाले," आतून आलं.

पाहुण्यांना घाई झालेली दिसते, असं म्हणत तिने खूण केली. पुढच्या वेळी ती तोंड उघडणार, तोच पुन्हा "बाले." मग जरा वेळाने परत. आवाज त्याचाच, पण झोपेत बोलल्यासारखा. टाकीत लोखंडी आडभिंत होती, तिच्यामागे माणूस गेला की वरून दिसत नसे. तिने त्याच्या पट्ट्याला बांधलेला दोर हलवून पाहिला. पलीकडून कुणी ओढला नाही.

सुपरवायझर जवळूनच चालले होते.

"साहेब, त्यांना बाहेर काढू या."

"का? उत्तर देत नाही?"

"देतायत."

"मग झालं तर. सकाळीच हवा तपासलीय. पंधरा मिनिटांचं काम राहिलंय. मागच्या महिन्यात एकीने अशीच घाबरून शिट्टी वाजवली, अख्खा कारखाना थांबवावा लागला. कुठे आहे ती आता?"

नोकरी जाऊन ती घरी बसली होती. हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाले," आतून आलं.

साहेब हसले. "ऐकलंस? ठणठणीत आहे."

"साहेब, मी विचारलंच नव्हतं."

ते काय म्हणतात याची तिने वाट पाहिली नाही. तिने गळ्यातली शिट्टी ओढून तोंडात धरली. नोकरी गेली, असं मनाशी म्हणतच तिने ती वाजवली.

चौघांनी मिळून कप्पीवरून दोर ओढला. तो आडभिंतीला घासत, अडत वर येत होता. पाहुणा आधी दिसलाच नाही, जोड पुसायला नेलेल्या रसायनाचा उग्र दर्प आधी आला. मग त्याची लोंबती मान दिसली. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. ओठ मात्र चालू होते. बाले. बाले.

त्याला मोकळ्या हवेत आडवं केलं. साहेबांनी स्वतः धावत जाऊन ऑक्सिजन आणला आणि त्याच्या तोंडावर मास्क दाबून धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जरा वेळाने पुटपुटणं थांबलं. ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. विचारायचीसुद्धा भीती वाटत होती.

"बाले?" तिने शेवटी विचारलं.

या वेळी आपोआप 'बाले' आलं नाही. त्याची नजर हळूहळू फिरत तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. त्याने प्रश्न ऐकला, त्यावर विचार केला आणि मान हलवली. नाही.

तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.